हलत्या शिल्पांचा तोल

प्रश्न : ४० सेंमी सळईच्या एका टोकाला ६० ग्रॅमचे पत्र्याचे पान, दुसऱ्याला २० ग्रॅमचे. हिशेबाने जड टोकापासून १० सेंमीवर कडी लावली, तरी हलके टोक खाली जाते. असे का?

उत्तर : सळईचे वजन हिशेबात धरायचे राहिले. ३ मिमी जाडीची लोखंडी सळई असेल तर ती एकटीच सुमारे २२ ग्रॅम भरते, म्हणजे हलक्या पानापेक्षा जड! तिचे वजन धरले की तोलाची जागा १२ सेंमीच्या जरा पुढे सरकते. तरी आकड्यावर विसंबून कडी वळवू नका. सळई दोऱ्याच्या फासात टांगा, फास सरकवत जागा शोधा, खूण करा, मग पक्कड हातात घ्या. सळयांचे अनेक मजले असतील तर सर्वांत खालच्यापासून सुरुवात करायची. वरच्या सळईला खालचा सगळा डोलारा म्हणजे एकच वजन.

कडी टेकते तो बिंदू दोन्ही टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या चार-पाच मिमी वर ठेवा. रेषेतच असेल तर सळई भलत्याच कोनात थबकते. फार वर गेला तर शिल्प ताठर होते, झुळकीला दाद देत नाही. हलती शिल्पे घडवणारे अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकी यांच्या लांब पात्यांची संथ चाल याच हिशेबावर चालते. समतोलासाठी ते पात्यांत शिसे भरत.

प्रश्न : वाऱ्यावर फिरणारे लाकडी चाक दर वेळी एकाच जागी थांबते. तोल साधला, पण दमट हवेत पुन्हा तेच.

उत्तर : थांबताना खाली येते ती बाजू जड. तिच्या समोर, कडेजवळ, मळलेली माती थोडीथोडी चिकटवा. चाक सोडाल तिथे स्थिर राहू लागले की माती काढून वजन करा आणि तेवढाच पितळी स्क्रू मागून त्याच जागी बसवा. बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस असेल तर लहान फरक कळतच नाही. घरात ठेवायचे शिल्प असेल तर सील (बेअरिंगचे धूळ अडवणारे झाकण) काढून ग्रीस रॉकेलने धुवा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. उघड्यावर मात्र सील राहू द्या, धूळ आत गेली की बेअरिंग संपलेच.

दमट हवेत लाकूड पाणी ओढते, तेही सगळीकडे सारखे नाही. कापलेल्या टोकांतून सर्वांत जास्त. म्हणून आधी सगळ्या बाजूंनी पॉलिश, टोकांना दोन हात जास्त, आणि तोल त्यानंतर.

प्रश्न : आसाचे भोक सैल होऊन चाक डगमगते.

उत्तर : पोलादी आस थेट लाकडात फिरवू नये. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते-आकसते, त्यामुळे गोल भोक लंबगोल होते. दोन्ही बाजूंना पितळी बुश (आस ज्यात फिरतो ती आखूड नळी) बाहेरून खरखरीत करून इपॉक्सीने बसवा. आसाला मेण चोळून तो इपॉक्सी घट्ट होईपर्यंत दोन्ही बुशांतून आरपार ठेवा, नाहीतर बुश एका रेषेत येत नाहीत.