वाचकांचे प्रश्न: आधी माळ्यावरचं खोकं उतरवा

प्रश्न : माझ्याकडे अकरा वर्षांची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. हातानं टाकायचे गिअर, १,२८,००० किलोमीटर झालेत. नोकरी लागल्यावर घेतलेली ही माझी पहिली गाडी. पहिल्या पाच-सहा वर्षांत हौसेनं तिच्यावर बरंच काम करून घेतलं : इंजिनचं रीमॅप (जास्त ताकदीसाठी बदललेलं सॉफ्टवेअर), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप, मोठा सायलेन्सर, कडक क्लच, पॉलियुरेथेनची इंजिन माउंटिंग, गाडी ४० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा, मूळ १८५/६० आर १५ च्या जागी २०५/४० आर १७ टायर, चांगले ब्रेक पॅड, ड्रायव्हरसाठी बकेट सीट आणि लहान स्टिअरिंग.

आता रोज साठ किलोमीटर जाणं-येणं असतं. ताशी ८५ च्या आसपास आत नुसतं घुमतं. लहानशा खड्ड्यातही गाडी आदळते, उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, क्लच दाबून डावा पाय भरून येतो. हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल घालावं लागतं. इंजिनचा दिवा मध्येमध्ये लागायचा, तो रीमॅप करणाऱ्यानं सॉफ्टवेअरमधून बंद करून दिला. मूळ भाग जवळजवळ सगळे माळ्यावर खोक्यात आहेत. तीन महिन्यांनी घरात बाळ येणार आहे. नवीन गाडी घ्यावी की हिच्यावरच खर्च करावा?

(ता. क. हे विचारणार नाहीत म्हणून मीच खाली लिहिते : बाळाला घेऊन या गाडीत बसायचं का? – पत्नी)

उत्तर : ताईंना आधी उत्तर देते. नाही. गाडी आज ज्या अवस्थेत आहे तशी तर नकोच.

लहान स्टिअरिंग बसवलं की मूळ स्टिअरिंगमधली एअरबॅग गेली. अशा वेळी डॅशबोर्डवरचा दिवा लागू नये म्हणून वायरला रेझिस्टर जोडून देतात, त्यामुळे गाडीला वाटतं की बॅग जागेवर आहे. बकेट सीटचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत शिवलेली असते आणि बेल्टचं बक्कल सीटलाच जोडलेलं असतं. म्हणजे मूळ सीट काढली तेव्हा बरोबर काय काय निघून गेलं ते बघायला हवं. गाडी ठेवा किंवा विका, मूळ स्टिअरिंग आणि मूळ सीट याच आठवड्यात परत बसली पाहिजे. एअरबॅगचं काम जाणणाऱ्याकडूनच ते करून घ्या. बॅटरीची वायर काढून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं आणि मगच कनेक्टरला हात लावायचा. जोडलेले रेझिस्टर निघाल्याची स्वतः खात्री करा. आणि बाळाची मागे तोंड असलेली सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही ठेवायची नाही. तिची जागा मागच्या सीटवर.

आता दादा, तुमच्याकडे येते. पत्रातल्या तक्रारी मी कागदावर दोन रकान्यांत लिहून काढल्या. एका रकान्यात तुम्ही बसवून घेतलेल्या सामानाच्या, दुसऱ्यात गाडीच्या स्वतःच्या. पहिल्यात घुमणं, आदळणं, थरथर आणि पाय भरून येणं गेलं. दुसऱ्यात उरलं फक्त ऑइल, आणि तो विझवलेला दिवा. तुम्हाला नकोशी झालेली गाडी बरीचशी तुम्हीच घडवलेली आहे. खालची मूळ गाडी तुम्ही गेली पाच-सहा वर्षं चालवलेलीच नाही, मग तिला ठेवायचं की नाही हे आत्ताच कसं ठरवणार? खोकं उतरवा, गाडी मूळ रूपात आणा, महिनाभर चालवा. निर्णय त्यानंतर.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः याच्या उलट केलं होतं. इंजिनांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मीही घाई केली. कडक माउंटिंग बसवून दोनेक वर्षं झाली होती. गाडी उभी असली की आरसे हलायचे आणि दुसऱ्या गिअरमध्ये खालून गुरगुर यायची. एका गॅरेजनं गिअरबॉक्स उघडावा लागेल असं सांगितलं. मी थकले होते, मोठा खर्च दिसत होता. गाडी सगळ्या सामानासकट विकून टाकली. घेणाऱ्यानं महिन्याभरानं फोन केला : मूळ रबरी माउंटिंग बसवली, दुपारभराचं काम झालं, आवाज गेला. गिअरबॉक्सला काही झालेलंच नव्हतं. त्या गाडीचं मला अजून वाईट वाटतं.

रबराचं माउंटिंग इंजिनची थरथर स्वतः गिळतं. पॉलियुरेथेन ती सरळ बॉडीला देतं. रेसमध्ये ते चालतं, कारण तिथं इंजिन जराही हललेलं नको असतं. रोजच्या साठ किलोमीटरला नाही चालत.

आदळण्याचं गणित तर टायरवरच लिहिलेलं आहे. १८५ चे ६० टक्के म्हणजे टायरची भिंत १११ मिलिमीटर. २०५ चे ४० टक्के म्हणजे ८२. रस्ता आणि रिम यांच्यातली हवेची गादी २९ मिलिमीटरनं कमी झाली, त्यात स्प्रिंगा ४० नं खाली. मूळ शॉक अब्झॉर्बर तसेच ठेवून नुसत्या स्प्रिंगा बदलल्या असतील, तर शॉकचा दांडा आता प्रवासाच्या तळाशीच काम करतोय आणि खड्ड्यात थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, बसतोय. म्हणून जुन्या स्प्रिंगा परत घालताना शॉक गळतोय का, वरचं माउंटिंग आणि बेअरिंग शाबूत आहे का, ते बघून घ्या. शॉक बहुधा बदलावे लागतील. ते करताना कंजूषपणा करू नका, कारण महिनाभराची सगळी परीक्षा त्यांच्यावरच आहे. शेवटी अलाइनमेंट. आणि पंधरा इंची टायर माळ्यावर पडून असतील तर बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर खोबण कितीही खोल दिसली तरी बसवू नका. रबर कडक झालेलं असतं. रिम ठेवा, टायर नवे घ्या.

क्लच मात्र लगेच बदलू नका. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि चांगला चाललेला क्लच केवळ जड आहे म्हणून काढणं मला पटत नाही. गाडी ठेवायची ठरली तर तो संपेल तेव्हा मूळचा घाला. ब्रेक पॅड थंड असतानाही नीट धरत असतील तर तेही राहू देत. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. डॉट ४ चं नवं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग ही मर्यादा १५५ च्या आसपास येते.

आता तो दिवा. पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढला की मागच्या ऑक्सिजन सेन्सरला धूर स्वच्छ झालेला दिसत नाही, आणि इंजिनचा कॉम्प्युटर पी०४२० हा कोड टाकतो. रीमॅप करणारे तो एक कोड बंद करतात, ते समजण्यासारखं आहे. पण तुमचा दिवा ‘मध्येमध्ये’ लागायचा. तो मिसफायरचाही असू शकतो, म्हणजे पी०३०० च्या घरातला. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय किंवा मिश्रण पेटत नाहीये. रीमॅप करणाऱ्याला फोन करून सरळ विचारा : एकच कोड बंद केलास की सगळे? सगळे केले असतील तर गेली कित्येक वर्षं तुमचं इंजिन काही सांगायचा प्रयत्न करतंय आणि तुमच्यापर्यंत ते पोचतच नाहीये. कॅट परत बसवायच्या आधी हे कळलंच पाहिजे. मिसफायर होणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळवतं.

त्याच्याकडून मूळ फाइलही मागून घ्या. नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर पुन्हा भरता येतं. कॅट आणि फाइल एकाच दिवशी बदला. रीमॅपची फाइल मोकळ्या पाइपला धरून लिहिलेली असते. पुढे कॅटचा अडथळा आला आणि फाइल तीच राहिली तर उष्णता टर्बोपाशी साचते.

ऑइलबद्दल घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. हजार किलोमीटरला अर्धा लिटर हे काही कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादेच्या आत धरलेलं आहे. कुठून जातंय ते शोधणं महत्त्वाचं. आधी स्वस्तातलं बघा : पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारी झडप. तो बिघडला तर इंजिन स्वतःचं ऑइल इनटेकमधून ओढून पितं. मग लांब उतारावर गिअरमध्येच पाय उचलून उतरा, खाली पोचल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि मागच्या गाडीतल्या कोणाला तरी बघायला सांगा. तेव्हा निळसर धुराचा भपका निघाला तर व्हॉल्व्हचे सील संशयित.

त्यानंतर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन या दोन चाचण्या. दुसरी बऱ्याच गॅरेजांत करत नाहीत, तरी आग्रह धरा. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते मोजायचं. दहाच्या आत असेल तर इंजिन तंदुरुस्त. वीसच्या पुढे गेलं तर कान लावून ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलपाशी आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. माझ्या मते गाडी ठेवायची की नाही हे ठरवायला याच्याइतकी प्रामाणिक दुसरी चाचणी नाही. तुमच्या इंजिनमध्ये डायरेक्ट इंजेक्शन असेल, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे काजळी धुतली जात नाही. एवढ्या किलोमीटरला ती साफ केली तर उभ्या गाडीतली इंजिनची निम्मी धडधड जाते असं मी अनेकदा पाहिलंय. आणि कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पाय दाबून गाडी खेचू नका. छोट्या टर्बो इंजिनांत तिथंच मिश्रण वेळेआधी पेटतं आणि पिस्टन फुटतो. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलला यासाठीची वेगळी चाचणी पार करावी लागते. पुस्तिकेतल्या ग्रेडमध्ये तो दर्जा मिळाला तर तेच घाला.

लिफ्टवर असताना सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट), स्प्रिंगांची बसण्याची जागा आणि दारांखालच्या पट्ट्या हातोडीनं हलकेच ठोकून बघा. तिथं गंजानं पत्रा मऊ झाला असेल तर बाकी काही करू नका, गाडी बदला. दोन-तीन सिलिंडरच्या रिंगा गेल्या असतील तरी बदला. आणि मूळ स्टिअरिंग, एअरबॅग किंवा सीट खोक्यात सापडली नाही आणि अधिकृत मार्गानंही मिळाली नाही, तरी बदला. या तिन्हींपैकी काही नसेल तर पत्रावरून माझा कौल ठेवण्याकडे आहे. या गाडीचा अकरा वर्षांचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या गाडीचा माहीत नसेल.

विकायची झाली तरी हे सगळं काम वाया जात नाही. मूळ रूपातली गाडी घेणारे पुष्कळ असतात, स्प्रिंगा, चाकं आणि बकेट सीट वेगळी विकता येतात. तोवर विमा कंपनीला सगळे बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलांवरून दावा अडतो.

आणि त्या महिन्यात बाळाची सीट लगेच आणून मागे बसवा. ती बसवल्यावर पुढची सीट किती पुढे न्यावी लागते, तुमचे गुडघे कुठे येतात, मागचं दार अरुंद जागेत किती उघडतं, हे बाळ यायच्या आधी कळेल. ताईंनी रोजच्या रस्त्यावर त्या सीटच्या शेजारी मागे बसून एक फेरी मारावी. घुमणं थांबलंय का आणि खड्ड्यात ती सीट किती हलते, हे तिथूनच कळतं. त्यांना काय वाटलं ते मला लिहा, लीक-डाउनच्या आकड्यांसकट.