लॅटिन महाकाव्य मुळातून शिकायचंय, पण घरचे म्हणतात भाषांतर आहे की!

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरला संस्कृत घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती आहे ना, ती बघून रोमन लोकांचं वेड लागलं आणि रोमन कवी व्हर्जिलचं 'इनिड' हे महाकाव्य इंग्रजीत वाचून काढलं. आता बाहेर जाऊन ते मूळ लॅटिनमध्ये शिकावं असं वाटतंय. बाबा म्हणतात, इतकी भाषांतरं असताना त्यात वर्षं कशाला घालवतोस? आणि लॅटिनचा मला गंधही नाही, झेपेल का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर: झेपेल. शून्यापासून सुरू करणारे खूप असतात, केंब्रिजला तर लॅटिन न झालेल्यांसाठी क्लासिक्सचा (म्हणजे ग्रीक-लॅटिनचा) बीएचा कोर्सच 3 ऐवजी 4 वर्षांचा आहे. तुला मात्र एमए करायचं असेल तर भाषा आधी किती झालीय ते बघतात, म्हणून इथूनच सुरुवात कर. व्याकरणाची भीती तुला नकोच, आठ विभक्त्या पाठ केलेल्या माणसाला लॅटिनच्या सहा काय जड, द्विवचनही नाही, आणि तिथली पंचमी तृतीयेचं आणि बऱ्याचदा सप्तमीचंही काम करते.

वृत्त तर तुला लगेच कळेल. ओळीत सहा गण, प्रत्येक गण म्हणजे भगण (एक गुरू, दोन लघू) नाहीतर दोन गुरू, म्हणजे चार मात्रा (मोरोपंतांची आर्या म्हटली असशील तर कानाला सवय आहेच), फक्त शेवटच्या गणात दोनच अक्षरं. आता बाबांना आठव्या सर्गातल्या दोन ओळी मोठ्याने म्हणून दाखव. घोडदळ दौडतंय तिथे 'क्वाद्रुपेदान्ते पुत्रेम सोनितू क्वातित उंगुला काम्पुम', सलग पाच भगण, टापाच ऐकू येतात. आणि त्याच सर्गात एकडोळे सायक्लोप्स घण उचलतात तिथे 'इल्लिन्तेर सेसे मुल्ता वी ब्राक्किया तोल्लुन्त', पहिले चार गण नुसते गुरू, ओळ उचलतानाच दमायला होतं! भाषांतरात घोडाही येतो, घणही येतो, पण हे वजन येत नाही, आणि माझ्या मते व्हर्जिलचं निम्मं काव्य या वजनात आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. आपल्याला संस्कृतमुळे श्लोक दिसला की आधी अन्वय लावायची सवय असते, कर्ता शोध, क्रियापद शोध, विशेषण नामाजवळ आण. परीक्षेत न पाहिलेला उतारा आला की ती कामाला येतेच, पण रोज तसंच वाचलंस तर हाताशी भाषांतरच उरेल. विशेषण आधी येऊन लटकत राहतं आणि त्याचं नाम ओळीच्या टोकाला भेटतं, ती वाट बघायला लावणं कवीने मुद्दाम केलेलं असतं. म्हणून शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने समजून घ्यायची सवय लाव. सुरुवातीला तासाभरात पाच-सात ओळी झाल्या तरी चालेल.

भाषांतरं फेकून द्यायची नाहीत हं. बारा सर्ग, जवळजवळ 10 हजार ओळी, युनिव्हर्सिटीतही बहुतेक वेळा एखाददुसरा सर्ग मुळातून नेमतात आणि बाकीचं भाषांतरातूनच वाचायचं असतं. पण मुळात वाचताना एक दिसतं, पन्नासहून जास्त ओळी मध्येच तुटलेल्या आहेत, कारण इ.स.पू. 19 मध्ये व्हर्जिल गेला तेव्हा काव्यावर शेवटचा हात फिरवून व्हायचा होता. गद्य भाषांतरात त्या कुठे तुटल्या ते कळतच नाही.

सुरुवात पहिल्या सर्गात 124व्या ओळीपासून कर. तुझा पोसायडन म्हणजेच लॅटिनमधला नेप्च्यून तिथे वादळात लाटांतून डोकं वर काढतो, वाऱ्यांना झापतो आणि धमकी अर्ध्यावर सोडून आधी समुद्र शांत करतो. 156व्या ओळीपर्यंत जा. मूळ मजकूर आणि 1879 चा लुइस-शॉर्ट शब्दकोश, दोन्ही परसियस (Perseus) या ऑनलाइन ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत.