खचलेल्या माणसांना रोज धीराचे शब्द पाठवणं ही ख्रिस्ती सेवा म्हणता येईल का? कोणती वचनं पाठवावीत?

तुम्ही लिहिलंय की मंडळीच्या तरुण संघातर्फे आजारी, कर्जात अडकलेल्या, मनानं खचलेल्या लोकांना रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एक वचन आणि दोन ओळी धीराच्या पाठवायच्या आहेत. सेवा म्हणता येईल का? येईल. पण सकाळी सहाला आलेलं वचन वाचून ज्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती असा एक माणूस मी स्वतः आहे, म्हणून आधी माझं ऐकून घ्या.

मी नंदुरबारचा. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या जुन्या पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, त्यांच्या काळातलं आमचं घर. आजोबा सांगायचे, उपदेश मला पुष्कळ उशिरा कळला, आधी एवढंच कळलं की हा साहेब आपल्याला ‘बसा’ म्हणतो. तोवर त्यांना तसं कोणी म्हटलेलं नव्हतं.

माझा धंदा मिरचीचा. नंदुरबारची मिरची तुम्हाला सांगायला नको. शेतकऱ्याकडून ओली लाल मिरची घ्यायची, पथारीवर म्हणजे वाळवणाच्या उघड्या जागेवर पसरायची, उलटीपालटी करत वाळवायची आणि विकायची. चार क्विंटल ओली वाळली की साधारण एक क्विंटल हातात येते. मधले दहा-पंधरा दिवस माणूस आभाळाच्या ताब्यात. मी काही मोठा व्यापारी नाही, दुसऱ्याच्या जागेत भाड्यानं पथारी घालणारा. त्या वर्षी हिंमत केली आणि 80 क्विंटल ओली मिरची उचलली, क्विंटलला अडीच हजारांच्या आसपास भाव देऊन. म्हणजे 2 लाख. त्यातले दीड लाख पतसंस्थेचे.

नोव्हेंबर संपत आला होता. रात्री दोनच्या सुमारास पत्रा वाजायला लागला. मी आणि माझा मुलगा मोटरसायकलवर पथारीवर गेलो, ताडपत्र्या ओढल्या, पण वारा असा की एक टोक दाबलं की दुसरं उडायचं. तासाभरात सगळं संपलं. सकाळी पाहिलं तर ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी साचलेलं, आणि खालची मिरची फुगून मऊ झालेली, हाताला चिकट लागत होती. एक मिरची मी फोडली. आतून बिया पिवळ्याच्या काळ्या व्हायला लागल्या होत्या. वास यायचा तो तिखट नव्हता, आंबूस होता. दोन दिवस असंच आभाळ राहिलं असतं तर सगळ्या मालाची फटकी, म्हणजे रंग उडालेली मिरची, झाली असती, आणि फटकीला काय भाव मिळतो ते बाजारात कोणालाही विचारा.

आता माझा थोरला भाऊ. दादा आमच्या मंडळीत पंच आहे, वीस वर्षांपासून. तो त्याच दिवशी दुपारी आला, पाळकसाहेबांना घेऊन. दोघं खुर्च्यांवर बसले, चहा झाला, आणि रोमकरांस पत्रातलं वचन निघालं: देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरंच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण माझ्या बायकोच्या हाताला तेव्हा मिरचीची आग होत होती, ती परातीत ताक घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर ‘कल्याणकारक’ हा शब्द पडला. पुढे दादा म्हणाला, ‘बघ, ही परीक्षा असते. गेल्या वर्षी तुझा दशमांशही थकला होता, आठवतंय ना.’ दशमांश म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा, मंडळीला द्यायचा.

मी त्याला एकच काम सांगितलं. पतसंस्थेच्या चेअरमनशी त्याची ओळख होती, एकत्र शिकलेले. म्हटलं, दादा, एक शब्द टाक, दोन हप्ते पुढे ढकलून घे. व्याज माफ करा असं म्हणत नाही. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो.’ दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला त्याचं वचन यायला लागलं. फुलांच्या चित्रावर. चाळीस दिवस.

तिकडे पथारीवर मजुरीच्या बायका जमल्या होत्या. आठवड्याची मजुरी थकलेली, आणि माल गेला हे गावभर झालेलं. पंधरा-वीस जणी. मी समोर जायला धजत नव्हतो, पत्र्याच्या खोलीत बसून होतो. त्यांच्यात एक वयस्क बाई होत्या, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. त्यांचा आणि चर्चचा काही संबंध नाही, घरात खंडोबाचे टाक. त्या बाकीच्यांना सांगत होत्या ते मला आतून ऐकू येत होतं: ‘हाऊ माणूस कोठे पळी जास? मना बी पैसा आडकेल शेतस. चला, मिरची वेचा.’

मग आत आल्या आणि मला म्हणाल्या, ‘कोनी अशी ताडपत्री टाकस का? ऊठ. इतली मिरची अजून लाल शे.’ त्यांच्या ओच्यात दोन मुठी मिरची होती, वरच्या थरातली, भिजली नव्हती ती.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत निवडत बसलो. भिजलेली वेगळी, अर्धी ओली वेगळी, सुकी वेगळी. सुदैवानं तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. हिशोब झाला तेव्हा निम्म्याहून थोडा जास्त माल बऱ्या भावानं गेला. आक्कांनी आपली मजुरी पै न पै घेतली, एक रुपया सोडला नाही, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही ही गोष्ट भक्तीच्या सभेत भलतीच करून सांगाल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

मला वाटतं आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांचा घोटाळा एका शब्दात आहे. प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय उघडा. कुप्र म्हणजे सायप्रस बेटावरचा, लेवी वंशातला योसेफ, त्याला प्रेषितांनी बर्णबा हे नाव दिलं, आणि मराठीत त्याचा अर्थ दिलाय ‘बोधपुत्र’. मूळ ग्रीक शब्द आहे पाराक्लेसिस: धीर, सांत्वन, उत्तेजन, विनवणी, सगळं त्यात येतं. ‘बोध’ हाही त्याचा अर्थ होतो, भाषांतर चुकलं असं मी म्हणणार नाही, माझी ती लायकी नाही. पण आपल्याकडे बोध म्हटलं की कानात काय वाजतं? शहाणपण शिकवणं. गोष्टीच्या शेवटी शाळेत विचारायचे ना, या गोष्टीवरून काय बोध घ्याल. तसं. म्हणून आमचे पंच लोक आजाऱ्याच्या घरी जातात ते बोध करायलाच.

आणि गंमत पाहा. त्याच कुळातला शब्द योहानाच्या चौदाव्या अध्यायात येतो, पाराक्लेत, पवित्र आत्म्यासाठी. तिथे मराठीत काय ठेवलंय? ‘कैवारी’. ज्यानं कोणी हा शब्द निवडला त्याच्या पाया पडावं. कैवार घेणं म्हणजे काय हे खानदेशातल्या लहान पोरालाही माहीत असतं. गल्लीत मार बसायला लागला की जो मधे येऊन उभा राहतो तो कैवारी. तो मार खाणाऱ्याला सुविचार ऐकवत नाही, मारणाऱ्याशी बोलतो.

बर्णबानं काय केलं तेच बघा. शौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते, कालपर्यंत हाच आपल्याला तुरुंगात टाकत होता. नवव्या अध्यायात लिहिलंय, बर्णबानं त्याला जवळ करून प्रेषितांकडे नेलं आणि त्याची हकीकत सांगितली. शौलाला तो काय म्हणाला याबद्दल एक अक्षर नाही. जे बोलला ते शौलाबद्दल, दुसऱ्यांसमोर. पुढे मार्क नावाच्या सोबत्यावरून तो याच शौलाशी, म्हणजे पौलाशी, तावातावानं भांडून वेगळा झाला, तेही कैवार घेऊनच. आणि सुरुवातीला शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले होते, ते वेगळंच.

मी दादाला हेच म्हटलं होतं, की त्या दिवशी माझा कैवार आक्कांनी घेतला, आणि तेव्हापासून आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं आहे. त्याचं म्हणणं, आक्का विश्वासातली नाही, तिच्या बोलण्याला तू पवित्र आत्म्याचं काम कसं म्हणतोस. मी म्हटलं, नाव काय द्यायचं ते तू दे. चेअरमनपुढे तू तोंड उघडलं नाहीस आणि वीस बायकांपुढे तिनं उघडलं, एवढंच मी पाहिलं. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात अगदी हाच माणूस आहे, उघड्या-उपाशी भावाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून निरोप देणारा. दादानं त्या अध्यायावर संदेश दिलाय. दोनदा.

तुम्ही म्हणाल, हा माणूस स्वतःचंच रडगाणं गातोय. बरोबर आहे. पण तुमच्या तरुण संघाला माझं सांगणं त्यातूनच आहे. यादी करताना प्रत्येक नावापुढे वचन लिहू नका, या माणसासाठी आपण कोणाशी बोलायचं ते लिहा. पोरगी बारावीत नापास झाली असेल तर तिला ‘घाबरू नको’ पाठवण्याआधी तिच्या बापाकडे जा, तो तिचं लग्न ठरवायला निघाला असेल. कोणी दवाखान्यात असेल तर मेसेज नंतर, आधी बघा रात्री त्याच्याजवळ थांबायला माणूस आहे का. कर्जवाल्याच्या बाबतीत तर मी सांगितलंच.

माणूसही ओळखा. पहिल्या थेस्सलनीकाकरांच्या पाचव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं औषध सांगितलंय: बेशिस्त वागणाऱ्यांना ताकीद, अल्पधीराच्यांना धीर, अशक्तांना आधार, आणि सहनशीलता मात्र सगळ्यांशी. दादानं दुसऱ्या रोग्याला पहिल्याचं औषध पाजलं. नीतिसूत्रे 25 मध्ये तर म्हटलंय की खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसांत त्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेणं. फुलांचं चित्र पाठवताना तेवढं डोक्यात असू द्या.

आता थोडं दुसऱ्या बाजूनं, नाहीतर अन्याय होईल. ताडपत्रीवरून आक्का मला बोलल्या तो बोधच होता, आणि मला लागला नाही, कारण बोलताना त्यांच्या हातात मिरची होती. म्हणजे बोध सगळाच वाईट असं नाही. दुसरं, आमची आई. गेली दोन वर्षं ती खाटेवर आहे. दादाचं ते सकाळी सहाचं वचन तिच्या नावानंही येतं, माझी मुलगी मोठ्यानं वाचून दाखवते, आणि आई दिवसभर तेच घोळवत असते. एखाद्या दिवशी उशीर झाला की विचारते, ‘आज आलं नाही का?’ तेव्हा पाठवू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू. म्हाताऱ्या, एकट्या, घराबाहेर पडता न येणाऱ्या माणसांना जरूर पाठवा, वेळ चुकवू नका, आणि लेखी नको, आवाजात पाठवा. चित्रापेक्षा ओळखीचा आवाज बरा.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. कोणी मरणाच्या गोष्टी बोलायला लागला, ‘माझं आता काय राहिलंय’ असं वारंवार म्हणायला लागला, तर वचन पाठवून मोकळं व्हायचं नाही. त्याच्याजवळ माणूस बसवा, डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली मानस म्हणून फोनसेवा आहे, नंबर 14416, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. तरुण संघातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो असू द्या. प्रार्थना करतच राहा, ती थांबवा असं कोण म्हणतंय.

वचनं विचारली होतीत, ती राहिलीच. नीतिसूत्रे 12:25 घ्या, चिंतेनं दबलेल्या मनाला गोड शब्द हसवतो असं आहे, छोटं आहे, लक्षात राहतं. स्तोत्र 34:18, भग्नहृदयी लोकांजवळ परमेश्वर असतो. योहान 14:16 तर घ्याच. रोमकरांस 8:28, म्हणजे दादानं काढलेलं ते ‘कल्याणकारक’, कृपा करून पहिल्या महिन्यात कोणाला पाठवू नका.

आणि तुमची यादी नंदुरबारपर्यंत पोचणार असेल तर एक नाव माझ्याकडून घाला. दादाचा मुलगा गेल्या वर्षी सुरतेला गेला तो फोन उचलत नाही. इतकी वर्षं दादा दुसऱ्यांच्या घरी जातोय, म्हणून त्याच्या घरी जायचं कोणाला सुचत नाही. त्या मुलाचा नंबर माझ्या मुलाकडे आहे. गेल्या रविवारी मी चर्चच्या आवारात दादापर्यंत गेलो होतो, पण तो कोणाशी तरी बोलत होता, आणि मी चपला घालून घरी आलो.