दुसरी ओळ तिची असायची

“नवरा गेला तेव्हा सावरले, पण मैत्रीण गेल्यावर सावरता येत नाही. माझं काही चुकतंय का?” हा प्रश्न साठी ओलांडलेल्या स्त्रिया मला आवाज खाली आणून विचारतात, जणू त्यात दिवंगत नवऱ्याचा अपमान आहे.

मुळशी तालुक्यातून मुलाकडे पुण्यात आलेल्या ७१ वर्षांच्या एका मावशींना त्यांच्या सूनबाई घेऊन आल्या, त्या विस्मरणाच्या तक्रारीसाठी. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघाले नव्हते. आठ महिन्यांपूर्वी त्यांची शेजारीण वारली होती. लग्न होऊन आल्यापासून दोघी पहाटे एकाच जात्यावर बसत.

“ओव्या आठवत नाहीत, ताई. पहिली ओळ येते. दुसरी तिची असायची.”

मी त्यांना आठवेल तसे लिहून काढायला सांगितले, ही माझी चूक; वही कोरीच परत आली. चौथ्या भेटीत गाण्याचा विषय सोडून मी विचारले, “जात्यात दाण्यांची वैरण कोण घालायचं?”

“तीच. डावखुरी होती ना, तिला ते बरं पडायचं.”

बोलता बोलता त्यांच्या उजव्या हाताची मूठ न दिसणाऱ्या खुंट्यावर मिटली, हात माझ्या टेबलावर गोल फिरू लागला, आणि बारीक आवाजात पहिल्या ओळीमागून दुसरी ओळ आली. मी पेन बाजूला ठेवले आणि गप्प राहिले. एवढ्या वर्षांत तेवढे तरी मला जमू लागले आहे.

शोक करणाऱ्याला ‘आता सोडून दे’ असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तो ठेवा वाचला. परंतु कोणती ओवी सासूच्या कोणत्या बोलण्यावर रचली आणि कोणत्या शब्दावर जात्यावरच्या दोघींना हसू फुटले, याची नोंद त्या दोघींपाशीच असते. मैत्रीण जाते तेव्हा आपल्या तरुणपणाची एकमेव साक्षीदार जाते, आणि ते रडणे नवऱ्यासाठीच्या रडण्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. घरच्यांनी ‘किती दिवस रडणार’ असे म्हणण्याऐवजी ‘ती कशी होती’ असे विचारावे, आणि तिचा आवाज ऐकलेले तिसरे कोणी असेल तर त्याला शोधावे.

मावशींनी मैत्रिणीच्या मुलीला फोन लावला. पुढच्या भेटीला त्या तणतणतच आल्या. “आईच्या ओवीत पोरीनं दोन शब्द बदललेत. तासभर भांडले तिच्याशी. रविवारी परत करणार आहे फोन.”