घोडेस्वारीत चांगली प्रगती होती, घोडा बदलला आणि सगळं विस्कटलं. सोडून देऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३७, मुंबईतल्या एका क्लबात दर रविवारी शिकताय. पहिल्या काही महिन्यांत ट्रॉट (दुडकी चाल) जमला, कँटर (त्यापुढची, संथ दौडीची चाल) हीसुद्धा जमायला लागली. मग दुसरा घोडा दिला आणि घडी विस्कटली. एकदा पडलात. आता ट्रॉटलाही मांड सुटते, घरचे म्हणतात पुरे झालं, आणि तुम्हाला वाटतं वय आडवं येतंय.

सोडू नका. पण एक कडू गोष्ट ऐकून घ्या. पहिल्या घोड्यावर तुम्हाला कँटर येत होता असं मला वाटत नाही. त्या घोड्याला येत होता.

शिकवणीचा जुना घोडा भारी बेरकी असतो. वर्षानुवर्षं त्याच मैदानात त्याच सरांचा आवाज ऐकत तो फिरलेला असतो. सरांनी ‘कँटर’मधला ‘कँ’ उच्चारला की तो उचलतो, तुमच्या टाचेची वाट बघत बसत नाही. पुढचा घोडा थांबला की हाही थांबतो आणि वर बसलेल्याला वाटतं, आपणच थांबवला. मी शिकत होतो त्या बॅचमध्ये आम्ही सगळेच या भ्रमात होतो, आणि त्यात वाईट काही नाही. सुरुवातीला अशाच घोड्यावर बसवतात, नाहीतर पहिल्याच आठवड्यात अर्धी बॅच गळेल. तुमचं कुठवर आलंय ते बघायचं असेल तर एका तासाला सरांना विनंती करा: चाल तोंडाने सांगू नका, हाताने खूण करा. आणि रांगेतून बाहेर काढून मला एकट्याला फिरवा. घोडं कुठे पेंड खातंय ते लगेच कळेल.

आता नवा घोडा. तुम्ही लिहिलंय की तो ‘हात ओढतो, थांबतच नाही’. तो रेसमधून निवृत्त झालेला असण्याची शक्यता बरीच आहे. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. हिवाळ्यात मुंबईत आणि पावसाळ्यात पुण्यात शर्यती असल्यामुळे आपल्याकडे शर्यतीतून बाहेर पडलेल्या थरोब्रेड घोड्यांना तोटा नाही, आणि त्यातले बरेच पुढे रायडिंगकडे वळतात. अशा घोड्याचं सुरुवातीचं शिक्षण आपल्या बरोबर उलटं झालेलं असतं. जॉकी रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आखूड करून पाठीपासून उचललेला असतो, लगाम ताणलेला असतो, आणि त्या ताणावर रेलून पळायचं हे घोड्याच्या अंगात मुरलेलं असतं. तुम्ही घाबरून लगाम ओढता, त्याला वाटतं चला, पळायचंय. माझ्या अशाच एका घोड्याच्या मोतद्दाराने, म्हणजे त्याची देखभाल करणाऱ्याने, मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: ‘साब, जितना खींचोगे, उतना भागेगा.’ सरांनी तेच बऱ्याच लांबलचक पद्धतीने सांगितलं होतं, पण डोक्यात शिरलं ते मोतद्दाराचं.

म्हणजे सतत ओढायचं नाही. एकदा लगाम दाबायचा, श्वास सोडत खोगिरात खोल बसायचं आणि लगेच हात मऊ करायचा. पुन्हा दाबायचं, पुन्हा सोडायचं. घोड्याला रेलायला काही मिळालं नाही की तो स्वतःचं अंग स्वतः सावरायला लागतो. शिवाय सरळ रेषेत ओढत बसण्यापेक्षा मोठ्या वर्तुळात वळवा, वेग आपोआप उतरतो.

ट्रॉटमध्ये मांड सुटते याचं कारण बहुतेक वेळा गुडघ्यात असतं. पडल्यानंतर शरीर आपल्याला न विचारता पकड घट्ट करतं. गुडघे खोगिराला चिमटतात, त्यामुळे टाच वर येते, रिकीब पायातून सरकते, बूड उचललं जातं, खांदे पुढे जातात आणि नजर घोड्याच्या मानेवर खिळते. त्यातच तुम्ही कँटर मागता. पुढे झुकलेल्या माणसाचा भार घोड्याच्या पुढच्या पायांवर येतो, त्याला मागून उचलता येत नाही, म्हणून तो ट्रॉटच वाढवतो. तुम्ही आणखी आपटता, आणखी चिमटता. बघणाऱ्याला वाटतं याला काहीच येत नाही, आणि ही साखळी सुरू झाली भीतीच्या एका चिमटीपासून. ट्रॉटचे ठोके दोन, कँटरचे तीन. मोठ्याने मोजा. लाज वाटली तरी मोजा, कारण मोजताना श्वास कोंडून धरता येत नाही, आणि श्वास मोकळा झाला की गुडघेही सैल पडतात.

याच्यावर मला ठाऊक असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे लंज. सर मध्ये उभे, लांब दोरीवर घोडा गोल फिरतोय, लगामाची चिंता त्यांची. तुम्ही रिकिबी सोडून, हात कमरेवर ठेवून फक्त बसायला शिकायचं. मोठ्या माणसांना यात कमीपणा वाटतो. ‘हे तर लहान मुलांना देतात’ असं कुणीतरी बोलतंच. बोलू द्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं. घोडेस्वारीतलं सुवर्ण आपल्याकडे त्याआधी १९८२ ला आलं होतं. त्या ड्रेसाजमध्ये एकही उडी नसते. वर्तुळं, वळणं, एका चालीतून दुसऱ्या चालीत जाणं, हेच असतं. तुम्हाला मागे गेल्यासारखं वाटतंय तेच काम.

वयाचं म्हणाल तर जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते. अर्थात ते १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही खेळले होते, तेव्हा ही तुलना आपल्याला फारशी परवडणारी नाही. पण ३७ म्हणजे काही उशीर नव्हे. ऑफिसच्या खुर्चीत दिवसभर बसून आखडलेली कंबर ही वयापेक्षा मोठी अडचण आहे. मांड्या आणि कमरेचं स्ट्रेचिंग रोज करा, रविवारच्या रविवारी नको.

आणि आठवड्यातून एकच तास हा खरंच कमी पडतो. शरीर शिकलेलं विसरतं. खर्च वाढवायचा नसेल तर महिन्याचे चार तास दोन शनिवार-रविवारात जोडून घ्या. मुंबईत पावसाळा मैदानाची वाट लावतोच, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये जे मागे पडाल ते प्रगतीच्या हिशोबात धरू नका. दोन-तीन दिवस पागेत उभा राहिलेला घोडा बाहेर आला की टवकारलेला असतो, उड्या मारतो. अशा दिवशी सरांना आधी थोडं लंज करून द्यायला सांगावं, त्यात काही कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, ती तुम्ही विचारा: घोडा ठीक आहे का? तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकतो का, चावायला येतो का, एकाच बाजूला वळायला कुरकुरतो का, शेपटी सारखी झटकतो का? पाठ दुखत असेल, खोगीर नीट बसत नसेल, नाल सैल झाली असेल, दातांची धार तोंडात टोचत असेल, तर तुमची मांड कितीही सुधारली तरी तो नीट चालणार नाही. सरांआधी मोतद्दाराला विचारा. रोज खरारा करणाऱ्याच्या, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणाऱ्याच्या, हाताला जे कळतं ते कुणालाच कळत नाही. त्यासाठी तासाच्या थोडं आधी पोहोचा आणि थोडा वेळ स्वतः खरारा करा. (महालक्ष्मीला जात असाल तर फास्ट लोकल तिथे थांबत नाही, तो वेळ धरून निघा. मी हे उगाच सांगत नाहीये.)

पडण्याबद्दल. ‘पडलास की लगेच चढ, नाहीतर भीती बसते’ हे आपल्याकडे फार ऐकवतात. मला ते सरसकट पटत नाही. डोकं आपटलं असेल, मळमळत असेल, गरगरत असेल तर त्या दिवशी चढायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. आणि जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. आतलं फोम एकदा दबलं की पुढच्या वेळी ते वाचवेलच असं नाही. क्लबाचं हेल्मेट वापरत असाल तर आजच स्वतःचं घ्या. बाकी काही लागलं नसेल तर त्याच दिवशी पाच मिनिटं नुसतं चालवून उतरलात तरी पुरे.

तर सध्या एवढंच करा: शिकवणीचे पुढचे काही तास कँटर मागू नका, लंज मागा आणि घोडा तोच ठेवायला सांगा. दर रविवारी वेगळा घोडा मिळत असेल तर काय सुधारलं आणि काय नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. सर यातलं काहीच द्यायला तयार नसतील, ‘बॅचबरोबरच चालावं लागेल’ म्हणाले, तर क्लब बदला, घोडेस्वारी नको.