‘होमली’ : कुठे स्तुती, कुठे उणेपणा

प्रश्न : माझ्या भाचीचा बायोडाटा इंग्रजीत करताना आम्ही तिच्या वर्णनात ‘होमली’ असे लिहिले होते. अमेरिकेत वाढलेल्या एका स्थळाकडून ‘मुलीविषयी असे का लिहिले?’ अशी विचारणा झाली. या शब्दात गैर काय आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा हेतू चांगलाच होता आणि आपल्याकडच्या वाचकाला तो कळलाही असता. भारतीय इंग्रजीत, त्यातही लग्नाच्या जाहिरातींत, ‘होमली’ म्हणजे साधी, मनमिळाऊ, घरात रमणारी मुलगी. मराठी जाहिरातींतला ‘गृहकृत्यदक्ष’ इंग्रजीत नेतानाही अनेकांना हाच शब्द सुचतो. अमेरिकेत मात्र माणसाला, विशेषतः चेहऱ्याला, हे विशेषण लावले की ‘रूपाने डावा’, ‘दिसायला बेताचा’ असा अर्थ होतो. ‘अग्ली’ या शब्दाइतका तो बोचरा नाही, तरी आपल्याच मुलीसाठी तो वापरलेला पाहून ती मंडळी बुचकळ्यात पडली असणार.

हा अर्थ अमेरिकेने नव्याने काढला, असे मात्र समजू नये. 1634 मध्ये इंग्लंडमधील लडलो येथील किल्ल्यात सादर झालेल्या मिल्टनच्या ‘कोमस’ या काव्यनाट्यात मायावी कोमस एका तरुणीला पटवू पाहतो, की सौंदर्य चारचौघांत मिरवावे, घरात बसावे ते ‘होमली’ चेहऱ्यांनी, कारण त्यांचे नावच मुळी घरावरून पडले आहे. घरचे ते साधे, साधे ते बिनसजावटीचे आणि बिनसजावटीचे ते अनाकर्षक, असा हा अर्थ सरकत गेला. अमेरिकेत तोच मुख्य ठरला. ब्रिटनमध्ये साधेपणातली ऊब अधिक टिकली. म्हणून ब्रिटिश माणूस एखाद्या छोट्या खाणावळीला किंवा तिथल्या जेवणाला ‘होमली’ म्हणतो, तेव्हा भपका नाही पण आपलेपणा आहे, असे त्याला सांगायचे असते. अमेरिकन माणूस त्यासाठी ‘होमी’ म्हणेल.

शेवटी ‘ली’ असले तरी ‘फ्रेंडली’प्रमाणे हेही विशेषणच आहे, क्रियाविशेषण नव्हे. त्यामुळे ‘ही स्पोक होमली’ अशी वाक्यरचना चुकीची ठरते.

आता तुमच्या बायोडाटाविषयी. ‘होम-लव्हिंग’ किंवा ‘फॅमिली-ओरिएंटेड’ हे शब्द दोन्ही देशांत चालतील. माझे मत विचाराल, तर विशेषण गाळून मुलगी काय करते तेच लिहावे : ‘शी एन्जॉइज कुकिंग अँड स्पेंडिंग टाइम विथ हर फॅमिली’ या वाक्यातून तिचा स्वभाव अधिक नेमका कळतो आणि गैरसमजाला जागा राहत नाही. आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. वधू पाहिजे असलेल्या जाहिरातींत ‘होमली’च्या आड पुष्कळदा ‘मुलीने नोकरी करू नये’ ही अट दडलेली असते. तशी अट असेल तर ती स्पष्ट लिहावी, म्हणजे मुलीकडच्यांना वेळीच निर्णय घेता येईल.

त्या स्थळाला दोन ओळींचा खुलासा जरूर पाठवा. भारतात हा शब्द कोणत्या अर्थाने लिहितात एवढे कळवले तरी पुरे; त्यात तुम्हाला किंवा भाचीला संकोच वाटण्यासारखे काही नाही.