नागपुरी संत्र्याची साल घातली तर अर्ल ग्रे चहा होतो का?

नाही, संत्र्याचा छान चहा होईल, पण अर्ल ग्रे होणार नाही. अर्ल ग्रेचा वास बर्गमॉट या आंबट लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलाचा असतो. ते फळ मुख्यतः इटलीतल्या कॅलाब्रियात पिकतं. त्या तेलात लिमोनीनबरोबर लिनालिल ॲसिटेट आणि लिनालूल ही वास देणारी द्रव्यं भरपूर असतात, म्हणून वास फुलासारखा, थोडा लव्हेंडरकडे झुकणारा येतो. आपल्या संत्र्याच्या सालीत बहुतांश लिमोनीनच, त्यामुळे वास गोड आणि सरळ संत्र्याचा.

विकतचा अर्ल ग्रे असेल तर 200 मिली पाण्याला 2 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर चहापत्ती. पाणी उकळल्यावर गॅस बंद करा, मग पत्ती टाका आणि 3 ते 4 मिनिटं झाकून ठेवा. टपरीसारखा गंजात खळखळ उकळलात तर तेल वाफेबरोबर उडतं, उरतो तो फक्त तुरट कडवटपणा. बोअरचं जड पाणी नको, वर तवंग येतो. डबा गॅसशेजारी ठेवू नका; आपल्या मे महिन्यात वास भराभर उतरतो.

संत्र्याचाच करायचा तर साल कोमट पाण्यात चोळून धुवा आणि फक्त नारिंगी थर किसून पाव चमचा घाला. पांढरा थर आला की चहा कडू झालाच.

दूध मात्र बेतानं, दोन चमचेच. जास्त झालं तर बर्गमॉट दबतो.